किनाऱ्यावरचं शून्य

२०१६ च्या जानेवारीतले पहिले दिवस. अलास्कातलं व्हिटियर नावाचं एक छोटं बंदर. नववर्षाच्या सुट्टीत एका निवृत्त पक्षिशास्त्रज्ञाने तिथल्या किनाऱ्यावर मेलेले पक्षी मोजायला घेतले. जेमतेम दीड किलोमीटरच्या पट्ट्यात आकडा आठ हजारांच्या आसपास पोहोचला. जवळजवळ सगळे एकाच जातीचे. पिसांना तेल लागलेलं नाही, अंगावर जखमा नाहीत. भरतीच्या रेषेवर नुसते रांगेने पडलेले.

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. या घटनेबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकड्याने धक्का बसलाच, पण त्याहून जास्त एका प्रश्नाने मला धरून ठेवलं : हे पक्षी कशाने मेले, हे कळलं कसं? मेलेला पक्षी बोलत नाही. तो मरतो दूर समुद्रात आणि सापडतो किनाऱ्यावर, तेही काही दिवसांनी. म्हणजे मरणाची जागा वेगळी, वेळ वेगळी आणि साक्षीदार कोणी नाही. तरीही आज आपण बऱ्याच खात्रीने सांगू शकतो की त्या हिवाळ्यात काय झालं. ते कसं शक्य झालं, हे सांगण्यासाठी हा लेख. मराठी मंडळाच्या अंकात पक्ष्यांचं काय काम, असं कुणाला वाटलं तर एवढंच म्हणते की गोष्ट रहस्यकथेची आहे आणि रहस्यकथा आपल्याला सगळ्यांनाच आवडतात.

पक्षी कोणता?

या पक्ष्याला अमेरिकेत ‘मर’ म्हणतात. हो, उच्चार अगदी तसाच. मराठी कानाला हे नाव इतकं अशुभ वाटतं, आणि या गोष्टीत तर इतकं नको तिथे बसतं, की मी त्याचं ब्रिटिश नाव वापरणार आहे : गिलेमॉट.

गिलेमॉटचं वजन साधारण एक किलो. पाठ आणि डोकं काळपट तपकिरी, पोट पांढरं. कड्यावर ताठ उभा राहिला की लांबून पेंग्विन वाटतो, पण पेंग्विनशी त्याचं जवळचं नातं नाही आणि हा चांगला उडतो. पंख मात्र शरीराच्या मानाने आखूड. त्यामुळे उडताना ते भराभर हलवावे लागतात आणि त्यात भरपूर शक्ती खर्च होते. त्याच पंखांचा फायदा पाण्याखाली होतो. तिथे ते वल्ह्यासारखे चालतात आणि माशांच्या मागे हा पक्षी शंभर मीटरहून खोल बुडी मारतो. घरटं तो बांधत नाही. समुद्रालगतच्या कड्यांवर हजारोंच्या वसाहती असतात आणि उघड्या खडकावर मादी एका हंगामात एकच अंडं घालते. हे ‘एकच’ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती त्याच्या भुकेची. गिलेमॉटला रोज स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मे मासे लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर रोज पाच मध्यम बांगडे. पन्नास किलोच्या मुलीने रोज पंचवीस किलो जेवावं तसं हे झालं. अंगावर साठा फारसा नसतो. तीन ते पाच दिवस पोटात काही गेलं नाही की पक्षी मरतो. म्हणजे मासे नाहीसे व्हायला हवेत असंही नाही. आठवडाभर ते सापडले नाहीत तरी पुरे.

किनाऱ्यावर चालणारी माणसं

व्हिटियरची बातमी जगभर गेली. पण एका किनाऱ्यावर आठ हजार पक्षी सापडले, यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. समुद्रपक्षी दर हिवाळ्यात मरतातच. थंडी, वादळं, म्हातारपण, पहिल्या वर्षाची कच्ची पिल्लं, यामुळे काही ना काही मृत पक्षी किनाऱ्याला लागणारच. मग ‘खूप’ म्हणजे किती? नेहमीपेक्षा दुप्पट की शंभरपट? आणि ‘नेहमी’ म्हणजे तरी किती?

या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी माणसं सुदैवाने होती. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ज्युलिया पॅरिश यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘कोस्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्याची पद्धत ऐकायला फारच साधी आहे. किनाऱ्याजवळ राहणारे लोक, म्हणजे शिक्षक, निवृत्त कर्मचारी, गृहिणी, विद्यार्थी, आपापला एक ठरलेला पट्टा घेतात आणि दर महिन्याला तो चालून येतात. मेलेला पक्षी दिसला की त्याची नोंद करायची.

नोंद मात्र हवी तशी करून चालत नाही. किनाऱ्यावर सापडलेला पक्षी बहुतेक वेळा ओळखू येण्यासारखा राहिलेला नसतो. कुत्र्यांनी, कावळ्यांनी तोडलेला, वाळूने माखलेला. कधी नुसता एक पंख, कधी एक पाय. म्हणून ओळख पटवण्याची सुरुवात पायापासून करतात, कारण पाय बराच काळ टिकतो. बोटांमध्ये पडदा आहे का? मागचं बोट आहे का? गिलेमॉटच्या पायाला पुढे पडद्याने जोडलेली तीन बोटं असतात आणि मागचं बोट नसतंच. मग चोचीची, पंखाची आणि पायाची लांबी मोजायची, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा. शेवटी त्या अवशेषाला प्लॅस्टिकची रंगीत पट्टी बांधून तो तिथेच ठेवायचा. पुढच्या महिन्यात तोच पक्षी पुन्हा दिसला तर तो दोनदा मोजला जाऊ नये म्हणून ही पट्टी.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो एक छोटा नियम : काहीच सापडलं नाही तरी नोंद करायची. तारीख, वेळ, पट्टा आणि पुढे शून्य.

विचार करा. जानेवारीच्या थंडीत, बोचऱ्या वाऱ्यात दोन किलोमीटर चालायचं, एकही पक्षी सापडत नाही आणि घरी येऊन शून्य लिहायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. कंटाळवाणं काम आहे. पण अशी हजारो शून्यं आणि एक-दोनचे आकडे वर्षानुवर्षं साठत गेले की त्यातून ‘नेहमी’ तयार होतं. गिलेमॉटच्या वेळी या वह्यांमुळेच म्हणता आलं की हा आकडा नेहमीच्या कित्येक पट आहे, काही किनाऱ्यांवर तर हजारपटीपर्यंत. ज्यांनी फक्त मेलेले पक्षी दिसल्यावर मोजायला सुरुवात केली असती, त्यांना हे कधीच म्हणता आलं नसतं.

संशयितांची यादी

आकडा असाधारण आहे हे पक्कं झालं. आता कारण. इथे तपास पोलिसी पद्धतीने चालतो. एकेक संशयित घ्यायचा आणि पुरावा त्याच्याशी जुळतो का ते पाहायचं.

पहिला संशय तेलावर. आणि तो साहजिक होता. व्हिटियर ज्या प्रिन्स विल्यम साउंडच्या काठावर आहे, तिथेच २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं होतं. सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. त्या अपघातात अडीच लाखांच्या आसपास समुद्रपक्षी मेले असावेत असा अंदाज आहे आणि सापडलेल्या मृत पक्ष्यांत बहुसंख्य गिलेमॉटच होते. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला लागणारे डांबराचे गोळे पायाला चिकटतात, तेव्हा तेल पिसांना काय करत असेल याची थोडीशी कल्पना येते. पिसं एकमेकांना चिकटतात, त्यांच्यातली हवा जाते आणि थंड पाणी सरळ कातडीला भिडतं. पण २०१६ च्या पक्ष्यांची पिसं स्वच्छ होती. तेल यादीतून गेलं.

दुसरा संशय रोगावर. पक्ष्यांचा फ्लू, जिवाणू, बुरशी. मृत पक्षी विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन इथल्या राष्ट्रीय वन्यजीव आरोग्य केंद्रात पाठवले गेले आणि त्यांचं शवविच्छेदन झालं. एवढ्या मोठ्या मृत्यूंचं कारण ठरेल असा कोणताही रोग त्यात दिसला नाही.

तिसरा संशय विषावर, आणि हा सगळ्यात दमदार होता. समुद्रात काही सूक्ष्म शैवालं विष तयार करतात. ती खाणाऱ्या माशांत ते साठतं आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यात उतरतं. २०१५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अशा विषारी शैवालांची प्रचंड वाढ झाली होती. कॅलिफोर्नियात तर त्यामुळे खेकड्यांचा हंगाम पुढे ढकलावा लागला होता. वेळ जुळत होती, जागाही जुळत होती. तपासणीत काही पक्ष्यांमध्ये सॅक्सिटॉक्सिन या विषाचा अंश सापडलाही. पण बहुतेकांत तो नव्हता. थोड्याफार पक्ष्यांना विषाने अधिक अशक्त केलं असेल, पण इतक्या मृत्यूंचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवता येत नव्हतं.

चौथा संशय वादळांवर. हिवाळ्यातली वादळं पक्ष्यांना दिवसेंदिवस मासे पकडू देत नाहीत, हे खरंच आहे. पण गिलेमॉट मरायला लागले ते २०१५ च्या उन्हाळ्यात, आणि ते थांबले २०१६ च्या वसंतात. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावर ते सापडत होते. इतकं लांब आणि इतके महिने चालणारं वादळ नसतं. वादळाने आधीच अर्धमेल्या पक्ष्यांना शेवटचा धक्का दिला असेल, इतकंच.

उरलं ते शरीर. आणि शरीर अगदी स्पष्ट सांगत होतं. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं वर आलेलं. उडण्याचे आणि पोहण्याचे स्नायू झिजलेले. कातडीखाली चरबीचा थर नाही. जठर रिकामं. पक्षी उपाशी मेले होते. काही गिलेमॉट तर अन्न शोधत समुद्र सोडून आत, गोड्या पाण्याच्या तळ्यांपर्यंत आणि बर्फापर्यंत गेलेले सापडले. समुद्राचा पक्षी जमिनीकडे वळला, यावरून तिकडे काय परिस्थिती असेल ते समजावं.

मासे गेले कुठे?

इथे खरं तर रहस्य संपत नाही, सुरू होतं. उत्तर प्रशांत महासागर हा माशांनी समृद्ध समुद्र. गिलेमॉट शंभर मीटर खोल जाणारा, एका दिवसात दूरवर उडणारा पक्षी. तो उपाशी कसा मेला?

याचं उत्तर दोन वर्षं मागे, २०१३ च्या हिवाळ्यात जातं. दर हिवाळ्यात वादळं समुद्र घुसळून काढतात. वरचं पाणी थंड होतं आणि खालचं पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर वसंतात सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि सगळी साखळी सुरू होते. २०१३–१४ च्या हिवाळ्यात मात्र या समुद्रावर हवेच्या उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला. वादळं वळसा घालून गेली. समुद्र घुसळला गेला नाही, नेहमीसारखा थंड झाला नाही. अलास्काच्या आखाताबाहेर गरम पाण्याचा एक प्रचंड डबका तयार झाला. २०१४ च्या वसंतात तो सुमारे १६०० किलोमीटर लांब-रुंद आणि ९० मीटर खोल होता. वॉशिंग्टन राज्याचे हवामानतज्ज्ञ निक बाँड यांनी त्याला ‘ब्लॉब’ म्हटलं आणि तेच नाव पडलं. आपण त्याला गोळा म्हणू या. काही ठिकाणी पाणी नेहमीपेक्षा अडीच-तीन अंशांनी गरम होतं. हा गोळा किनाऱ्याकडे सरकला, टिकला आणि त्याच्यावर २०१५–१६ चा जोरदार एल निनो येऊन बसला.

दोन-तीन अंश म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. मडगावात सकाळ-दुपारचा फरक त्याहून जास्त असतो. पण माशाचं शरीर आपल्यासारखं स्वतःचं तापमान राखत नाही. पाणी गरम झालं की मासा गरम होतो, त्याच्या शरीरातली कामं जलद चालू लागतात आणि त्याला भूक जास्त लागते.

आता साखळीचा एकेक दुवा पाहा. थंड पाण्यातले प्राणिप्लवंग चरबीने भरलेले असतात. गरम पाण्यात त्यांच्या जागी लहान आणि कमी चरबीचे येतात. ते खाणारे छोटे मासे, म्हणजे कॅपेलिन, सँड लान्स, हेरिंग, यांना एकीकडे जास्त अन्न हवं असतं आणि दुसरीकडे मिळणारं अन्न निकस असतं. ते कमी झाले आणि जे उरले ते सडपातळ झाले. त्याच वेळी याच छोट्या माशांवर जगणारे मोठे मासे, कॉड, पोलॉक, हॅलिबट, यांचीही भूक वाढली. म्हणजे खालून पुरवठा आटला आणि वरून मागणी वाढली. गिलेमॉट या दोन्हींच्या मधल्या चिमट्यात सापडला.

ही कल्पना खरी असल्याचा एक पुरावा माशांकडूनच आला. कॉड पुरेसं खाऊ शकत होते तर त्यांची संख्या टिकायला हवी होती. पण अलास्काच्या आखातातला कॉड २०१५ आणि २०१७ च्या पाहण्यांदरम्यान सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि २०२० साली तिथली कॉडची मासेमारी केंद्र सरकारला बंद ठेवावी लागली. पक्ष्यांचा प्रतिस्पर्धी स्वतःच उपाशी होता. किनाऱ्यावर येऊन पडले ते पक्षी, म्हणून आपल्याला दिसले. मासे दिसले नाहीत, एवढाच फरक.

बासष्ट हजार, दहा लाख, चाळीस लाख

२०२० साली शास्त्रज्ञांच्या मोठ्या गटाने सगळ्या नोंदी एकत्र करून मांडल्या. २०१५ च्या उन्हाळ्यापासून २०१६ च्या वसंतापर्यंत किनाऱ्याला लागलेले मृत किंवा मरणासन्न गिलेमॉट सुमारे ६२ हजार. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश अलास्काच्या आखातात. पण समुद्रात मेलेला प्रत्येक पक्षी किनाऱ्याला लागत नाही. बरेचसे बुडतात, बरेचसे खाल्ले जातात, काही उलट दिशेला वाहून जातात. शिवाय अलास्काचा किनारा इतका लांब आणि इतका निर्जन की बहुतेक ठिकाणी पाहायलाच कोणी नाही. हे सगळं धरून अंदाज निघाला : एकूण मृत्यू दहा लाखांच्या जवळ. त्यातही किनाऱ्यावर सापडलेल्यांत सुमारे दोन तृतीयांश प्रौढ पक्षी होते, म्हणजे अंडी घालणारी पिढी. २०१५ ते २०१७ दरम्यान वेगवेगळ्या वसाहतींत अख्खा हंगाम वाया गेल्याचे, एकही पिल्लू न वाढल्याचे २२ प्रसंग नोंदले गेले.

गोष्ट इथे संपेल असं मला वाटलं होतं. पण २०२४ च्या डिसेंबरमध्ये हीदर रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आकडा एकदम चाळीस लाखांवर गेला. अलास्कातले निम्मे गिलेमॉट. चौपट फरक! मग आधीचं गणित चुकलं होतं का?

चुकलं नव्हतं, ते वेगळ्या बाजूने केलेलं होतं. आधीचा अंदाज मेलेल्यांवरून होता, नवा जिवंतांवरून. अलास्कातल्या काही वसाहतींवर संशोधक गेली कित्येक वर्षं जात आले आहेत. कड्याचे तेच ते भाग, त्याच हंगामात, पुन्हा पुन्हा मोजायचे. अशा १३ वसाहतींचे २००८ ते २०१४ चे आकडे एका बाजूला आणि २०१६ ते २०२२ चे दुसऱ्या बाजूला ठेवले. अलास्काच्या आखातात निम्म्याहून अधिक, तर पूर्व बेरिंग समुद्रात तीन चतुर्थांशांहून अधिक पक्षी कमी झालेले दिसले.

इतकी वर्षं का लागली, हेही समजून घेण्यासारखं आहे. २०१६ साली कडे ओस दिसले होतेच. पण वाईट वर्षी गिलेमॉट अंडी घालायला येतच नाहीत, समुद्रावर थांबतात. त्यामुळे रिकाम्या कड्याचे दोन अर्थ होतात : पक्षी मेले, किंवा पक्षी आले नाहीत. दोन्हींतला फरक त्या वर्षी कळणं अशक्य होतं. पाणी पुन्हा थंड झालं, एक वर्ष गेलं, दोन गेली, सात गेली आणि तरीही पक्षी परतले नाहीत, तेव्हा पहिला अर्थ पक्का झाला. आणि आता ते ‘एकच अंडं’ आठवा. एका हंगामात एका जोडीचं एक पिल्लू, तेही वाचलं तर. २०२२ पर्यंतच्या मोजणीत वसाहती सावरत असल्याची खूण दिसली नाही.

दोन्ही गणितांमध्ये एक गोष्ट समान आहे. किनाऱ्यावरची असो वा कड्यावरची, मोजणी संकटाच्या आधीपासून चालू होती. २००८ साली कड्यावर बसून पक्षी मोजणाऱ्याला ठाऊक नव्हतं की त्याची वही पुढे कशाचा पुरावा ठरणार आहे.

लहान बेटावरची नोंद

हे काम मोठ्या संस्थांनाच जमतं असं नाही. बेरिंग समुद्रात सेंट पॉल नावाचं बेट आहे. काहीशे लोकांची, मुख्यतः अलेउत या मूळनिवासी समाजाची वस्ती. २०१६ च्या ऑक्टोबरपासून तिथे किनाऱ्यावर पफिन जातीचे मृत पक्षी दिसू लागले. एरवी तिथे पफिन क्वचितच सापडत, आणि हे तिथल्या लोकांना माहीत होतं कारण ते आपल्या किनाऱ्याची नोंद ठेवत होते. त्यांनी जानेवारीपर्यंत वारंवार फेऱ्या मारून ३५० हून अधिक पक्षी गोळा केले. पुढे त्या नोंदींवरून आणि वाऱ्या-प्रवाहांच्या गणितावरून एकूण मृत्यू तीन हजारांहून अधिक, कदाचित आठ हजारांपलीकडे, असल्याचा अंदाज काढता आला. तेही उपाशीच मेले होते. एका दूरच्या बेटावरच्या मूठभर लोकांनी नोंद ठेवली नसती तर जगाला हे मृत्यू झाले हेच कळलं नसतं.

आणि आपला किनारा?

आपल्याकडे गिलेमॉट नाही आणि अलास्काची थंडीही नाही. आपला कसोटीचा काळ पावसाळा. जून ते सप्टेंबरच्या वादळी वाऱ्यात खोल समुद्रातले पक्षी, बूबी, वेगवेगळ्या सुरय, दमून कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला लागतात. वर्तमानपत्रात फोटो येतो, ‘दुर्मीळ पक्षी सापडला’ म्हणून. पण हा पक्षी खरंच दुर्मीळ आहे, की नेहमी येतो आणि पाहणारं कोणी नसतं? यंदा दहा सापडले तर ते जास्त की कमी? त्यासाठी मागच्या दहा पावसाळ्यांची शून्यं हवीत.

माशांच्या बाबतीत आपल्या देशात अशा वह्या आहेत, आणि त्यांचा उपयोग दिसतो. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर उतरणारी मासळी वर्षानुवर्षं मोजते. म्हणून आपल्याला ठाऊक आहे की केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारल्या मिळाल्या होत्या आणि २०२१ साली साडेतीन हजार टनही नाहीत. तारली हा आपल्या समुद्रातला तेलकट, चरबीयुक्त छोटा मासा. अलास्कात जे काम कॅपेलिन आणि सँड लान्स करतात तेच इथे तिचं. बाजारात ‘यंदा तारले दिसत नाहीत’ असं म्हणणं ही तक्रार असते. आकडा हाताशी असला की ती माहिती होते. अरबी समुद्रही तापतो आहे. त्यावर जगणाऱ्या पक्ष्यांचं काय चाललं आहे, हे विचारायला आपल्याकडे किनाऱ्याची वही हवी.

म्हणून मंडळाच्या सदस्यांपुढे एक प्रस्ताव ठेवते. आपल्यातले कितीतरी जण किनाऱ्याजवळ राहतात : कोलवा, बेतुल, मोरजी, काणकोण, कुणी वेंगुर्ला, कुणी कारवार. प्रत्येकाने एक किलोमीटरचा पट्टा ठरवावा. महिन्यातून एकदा, ओहोटीच्या वेळी, भरतीच्या रेषेवरून चालून यावं. मृत पक्षी दिसला तर हात लावायचा नाही. रोगाची शक्यता नेहमी असते. शेजारी पेन किंवा मोजपट्टी ठेवून तीन फोटो काढायचे : पूर्ण पक्षी, चोच, पाय. पिसांना तेल आहे का, गळ्यात दोरी किंवा जाळं अडकलंय का, ते पाहायचं. तारीख, वेळ, जागा लिहायची. पक्षी जिवंत असेल किंवा एकाच वेळी अनेक मेलेले दिसले तर वनखात्याला लगेच कळवायचं.

आधीच सांगते, पहिले कित्येक महिने यातून छापण्यासारखं काहीही निघणार नाही. घरचे विचारतील, रविवारी सकाळी उठून काय आणलंस? काही नाही, असंच उत्तर द्यावं लागेल. हरकत नाही. वहीत तारीख घालायची आणि पुढे शून्य लिहायचं. कुणाला तरी, कधीतरी, ते लागेल.